गणपतरावांच्या हस्ते

नाही हो काकी, तो पेनड्राइव्ह ठेवा पिशवीत, घालायला काही उरलंच नाही. रघुकाकांची जाखडी गेली. एखादं नाही, बावीसच्या बावीस गाणी. वर्षश्राद्धाला लावायची होती ना तुम्हाला काकांची गाणी — ठाऊक आहे मला, म्हणून तर आठ दिवस तोंड चुकवत फिरतोय. पण आज गाठलंतच वाचनालयात, तर ऐका. किळस आलीय मला काकी. या वाचनालयाची, हारतुऱ्यांची, सगळ्याची.

काय झालं? सत्कार झाला! आपल्याकडे नवं काही आणलं की नारळ फोडल्याशिवाय चालत नाही, आणि नारळ आला की कोणाचातरी शुभहस्त आलाच. इथला तो जुना कॉम्प्युटर — ज्यात काकांचा आवाज होता — तो अगदी मरायला टेकलेला. म्हणून मी त्याच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली, सगळी मिळून एकच मोठी फाईल, आणि क्लाउडवर चढवली. क्लाउड म्हणजे काय, तर लांब कुठेतरी दुसऱ्याचा कॉम्प्युटर, आपण भाड्याने वापरायचा. त्या मशीनला ही फाईल डिस्क म्हणून जोडायची, की आतलं सगळं दिसणार. बस, एवढंच काम. परळला ऑफिसात मी दिवसाला चार जोडतो, चहा पिता पिता. पण आमचे अध्यक्ष म्हणाले, ‘स्वप्न्या, थांब, उघडू नकोस. रविवारी करू, माझ्या हस्ते.’ हस्ते! माऊस धरता येत नाही गणपतरावांना, आणि म्हणे हस्ते!

झालं. पडदा लावला, माऊसला हळदकुंकू — खोटं नाही सांगत, डावं बटण अजून चिकटतंय. मी फाईल जोडली. नव्या मशीनला जुन्या डिस्कची मांडणी कळेना, तर ते विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करू का? म्हणजे पुसून कोरी करू का! एवढाल्या अक्षरांत, पडद्यावर. आणि हे बघतायत फोटोवाल्याकडे. दाबलं. मशीनने परत विचारलं, खरंच पुसू? — दाबलं! टाळ्या! वर त्याच डिस्कवर स्वतःच्या भाषणाचा व्हिडिओ चढवायला लावला, पाऊण तासाचा, संग्रहातलं पहिलं पुष्प म्हणे. थू! काकांच्या आवाजाच्या जागेवर आता तो माणूस घसा खाकरतोय.

दुसरी प्रत? असते ना. असायला हवी. मूळ फाईल बाजूला ठेवायची, तिची प्रत जोडायची, तीसुद्धा फक्त वाचण्यापुरती — ऑफिसात नवीन लोकांवर मी यावरूनच ओरडतो. इथे प्रत निघायला तासभर लागणार होता, बाहेर ‘चला चला’ चाललेलं, म्हटलं कशाला, जोड मूळच. आणि जुना कॉम्प्युटर शनिवारीच भंगारात गेला, पाहुण्यांच्या सोफ्याला जागा हवी होती.

नाही — असं नका म्हणू. ‘तुझी काय चूक बाळा’ असं नका म्हणू तुम्ही. मी तिथेच उभा होतो काकी, हातभर अंतरावर. त्यांच्या आधी मी वाचलं होतं. दोन्ही वेळा. हात धरता आला असता. पण त्याच्या आधी शाली वाटल्या ना — सात शाली, मंडप बांधणाऱ्याला पण दिली. दोन महिने रोज कामावरून सुटून इथे बसलो मी, आणि मला काय, तर ‘स्वप्न्या, त्या खुर्च्या सरकव.’ डोकंच फिरलं. म्हटलं, दाबू दे. दाबू दे लेकाला, चारचौघांत तोंडावर पडू दे, मूळ फाईल आहेच की आपल्याकडे. मूळच जोडलीय हे आठवलं तेव्हा लोक त्या भाषणाच्या व्हिडिओला टाळ्या वाजवत होते.

शालीसाठी, काकी. एका शालीसाठी.

कोणाला नाही सांगितलं अजून. गणपतरावांना वाटतंय मशीनच बिघडलं — वाटू दे. शिव्या घाला, काका घालायचे तशा घाला. — उठलात? काकी — अहो —

बरं. या.