तिघांच्या मातीवर पीठ

(मोझांबिक, पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लढणाऱ्या मुक्तिसैनिकांनी मुक्त केलेल्या जंगलातला तळ. पोर्तुगीज विमानं बॉम्ब टाकून गेल्याला आठवडा झालाय. तळाचा राजकीय कमिसार, म्हणजे सैनिकांना पक्षाचा विचार शिकवणारा अधिकारी, आणि ज्वारीच्या पिठाची झोळी घेऊन आलेली मुआनाशा.)

मुआनाशा : पीठ टाकायला परवानगी कसली रे? माझ्या पोराच्या मातीवर टाकतेय, तुझ्या डोक्यावर नाही.

कमिसार : मावशी, इथं तीन पोरं एकत्र पुरलीत. वेगळी करण्यासारखी राहिलीच नव्हती. आज तुम्ही माकुआ रीत केलीत, की उद्या माकोंडे आपली घेऊन येतील. मग मेलेल्यांतही जमाती पाडायच्या का? इथं सगळे मोझांबिकी.

मुआनाशा : हे भाषण पाठ आहे मला. मुखियाला हटवलंत, मी टाळ्या वाजवल्या. पोरी वयात आल्यावरचे विधी बंद म्हणालात, नातीचे नाही केले. डोक्यावरून तोफगोळे वाहिले. आता दमले रे बाबा. पीठ टाकून नावानं हाक नाही मारली तर माझा अमादे भटकत राहील.

कमिसार : अमादे? इथं तो तुफान होता.

मुआनाशा : तुफान! अरे, अंधारात परसाकडं जायला माझा हात धरायचा तो.

कमिसार : खरं नाव सांगायचं नाही, गाव विचारायचं नाही, असा नियम आहे. एक पकडला गेला तर बाकीच्यांची घरं जळायला नकोत.

मुआनाशा : आणि ही दुसरी दोघं?

कमिसार : पोलाद आणि पहाट.

मुआनाशा : त्यांच्या आयांना कळवलंस?

कमिसार : कुणाला कळवू? कुठं?

मुआनाशा : म्हणजे त्या अजून वाट बघत बसल्यात. अरे देवा!

कमिसार : पुरे हो मावशी. मलाही झोप लागत नाही. पण सगळे मोझांबिकी हा विचार नसता, तर आपण एकमेकांचेच गळे कापत बसलो असतो.

मुआनाशा : खोटा कुठं म्हणतेय मी? मी तिघांनाही हाक मारते. माझ्याला अमादे, त्यांना पोलाद न् पहाट. मग तरी चालेल?

कमिसार : ...टाका. तिघांना सारखंच टाका.

मुआनाशा : आणि तुझं नाव?

कमिसार : कॉम्रेड विजय.

मुआनाशा : ते नको. उद्या तू पडलास तर काय म्हणून हाक मारू? आई काय म्हणते तुला?

कमिसार : ...मटियास.

मुआनाशा : नावावरून पठारावरचा माकोंडे की काय?

कमिसार : मोझांबिकी.

मुआनाशा : बरं बाबा, मोझांबिकी. मटियास, जरा हात दे. मला एकटीला खाली बसवत नाही.