दुधासारखा पांढरा

माझ्या ताईला अमेरिकेतल्या आमच्या कृष्णवर्णीय मुलींच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय! आज नव्या मुलींची शपथ. सगळ्यांनी पांढरं घालायचं, माजी विद्यार्थिनींनीसुद्धा. रांगेत आमच्या पुढे एक आजी आणि तिची नात कीओना उभ्या होत्या. मी कान टवकारलेच.

"आजी, दारातली मुलगी क्रीम ड्रेसवाल्यांना परत पाठवतेय. माझी शपथ गेली!"

"दुधासारखा पांढरा म्हटलं होतं. तू सायीसारखा आणलास."

"तू तर इथे शिकताना तुरुंगात गेली होतीस!"

"फक्त गोऱ्यांसाठीच्या हॉटेलात मुद्दाम जाऊन बसले म्हणून. पण हातमोजे घालून बसले होते."

"कॉलेजने शिक्षा केली?"

"आठवडाभर खोलीबाहेर पडायचं नाही."

"तुरुंगात गेलीस म्हणून?"

"छे गं! परत येताना हातमोजे नव्हते म्हणून."

"आणि आता तुझाच फोटो भिंतीवर! सांग ना तिला."

रांग दारापाशी आली.

"अगंबाई, फोटोतल्या मिस लुरलीन! या, पहिल्या रांगेत बसा."

"आणि माझी नात?"

"तिला नाही सोडता येणार. नियम तुमच्या काळापासूनचा आहे, मॅडम."

"बरोबर आहे बाळ, नियम म्हणजे नियम. कीओना, बाथरूम कुठेय?"

"आत्ता?"

"आत्ताच. माझा ड्रेस तुला बसेल."

"आणि तू काय घालशील?"

"तुझा. पहिल्या रांगेत क्रीम उठून दिसेल."