आखूड कापलेला पाईप

— हस. हस तू. चार वर्षं घसा फोडून सांगतेय मी, की आखूड पाईपचा धूर गाडीत शिरतो आणि आतलं माणूस झोपल्या झोपल्या मरतं — एकाचा विश्वास बसला नाही. पोलिसाचा नाही, डॉक्टरचा नाही, माझ्या सख्ख्या भावाचा नाही. मग तुझा कशाला बसेल, तू तर आवाज विकत घ्यायला आलायस. सायलेन्सरच्या दुकानात येऊन आवाज मागणारी तुम्ही माणसं, तुम्हाला काय सांगायचं. म्हणे आखूडच हवा, मागच्या सीटखालीच संपला पाहिजे, आवाज फुटला पाहिजे. फुटेल हो. आवाजच काय, सगळंच फुटेल. त्यांना हाक मारू नकोस, हे आत ट्रकखाली आहेत, ग्राइंडर चालू आहे तोवर ब्रह्मदेव आला तरी ऐकू जायचं नाही. आणि एरवी तरी काय, जन्मभर लोखंड ठोकून कान गेलेत. गिऱ्हाईक मी बघते. माझ्याशी बोल.

मांडवीचा ना तू? कुणाचा? — असो, सांगू नको, तुझ्या आईला ओळखत निघाले तर तुला दोन थोबाडीत द्याव्या लागतील. हे बघ, भिंतीवर टांगलेत ते. हा लांब डब्याचा, आत काचेची लोकर भरलेली. घोगरा वाजतो, खालच्या सुरात, शेजाऱ्याचं पोर उठत नाही. हा तुला नको असणार. — वाटलंच. तुझं बोट त्या बरणीएवढ्या तोंडाच्याकडे. सगळ्यांचं बोट तिकडेच जातं. तोंड मोठं की ताकद मोठी, कुठल्या मासिकात वाचलंत रे हे तुम्ही? तेवढ्याशा इंजिनाला एवढा रुंद पाईप लावलास की धुराचा जोर जातो. बागेत शिंपताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबतात ना, पाणी लांब जावं म्हणून — काढ अंगठा, पाणी पायाशी पडतं. तसंच ते. सपाटीला बोंबलशील, आणि निवळीच्या घाटात एसटी तुला हॉर्न मारून पुढे जाईल. आवाज वाढतो, गाडी वाढत नाही. शेपटीला डबा बांधलेलं कुत्रं किती पळतं, तेवढीच पळते. आणि हायवेला एकच सूर धरते, घूं करून, तासभर — डोकं उठतं, शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. तुला काय, तुला बोलायचंच नसेल. आणि घेणार असशील तर स्टीलचा घे. मांडवीचं खारं वारं साध्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत खाऊन टाकतं, मग येशील माझ्याकडेच रडत, की पत्रा फसवा निघाला.

काय घाई आहे? — कोण बसलंय गाडीत? अरे, मुलगी आहे की आत. मगाशी दिसलीच नाही मला, त्या काळ्या काचांमागे सिंह बसला असता तरी दिसला नसता. कपाळ धरून का बसलीय ती? — गाडी लागते म्हणे. मांडवीपासून हातखंब्यापर्यंत गाडी लागली? एवढ्यात माझी नव्वदीची सासू कूसही बदलत नाही. आणि डिकी दोरीने का बांधलीयस? काय आहे आत — स्पीकर. एवढा? कपाट आहे की स्पीकर? म्हणजे डिकी लागत नाही म्हणून हातभर उघडी ठेवून दोरी मारलीयस, मागची सीट पाडलीयस, काचा बंद, एसी चालू, आणि ती पोरगी डोकं धरून. — सोड तो सायलेन्सर हातातला. खाली ठेव. ऐक आता. ऐकल्याशिवाय तुला खिळासुद्धा मिळायचा नाही इथून.

माझ्या थोरल्याची, निलेशची, गाडी अशीच होती. लाल, बसकी, दोन दारांची. मुंबईच्या कुणा शेटच्या पोराने कंटाळून टाकलेली, ती ह्याने उचललीन आणि सहा महिने तिच्याखाली झोपला. शर्यतीची गाडी म्हणे. कसली शर्यत, इथे पुढे गाय बसलेली असते. त्याला पण आवाजच हवा होता. मूळचा सायलेन्सर काढलान, असला फुटका बसवलान, आणि मग पावसला माझ्या माहेरच्या बागेत न्यायला लागला तेव्हा तो जांभ्याच्या चढावर घासायला लागला, ठिणग्या उडायच्या. सरळ गोष्ट होती — पाईप धरणारं रबर बदलायचं, पाईप वर टांगायचा. पण आंब्याचे दिवस, ट्रकांची रांग, रबर नव्हतं दुकानात, कोण जातंय रत्नागिरीला रबरासाठी. कापला. मागच्या सीटखालीच कापला, हातभर आखूड. घासणं बंद झालं आणि वर आवाज पण फुटला, निलेश खूश. — कुणी कापला ते सोड. कुणी का कापेना. तुला गोष्ट ऐकायचीय की पंचनामा करायचाय?

तर माझी वेदिका, धाकटी, तिला मुंबईला नर्सिंगला जागा मिळाली होती. निलेश म्हणाला मी सोडतो. आणि माझ्या भावाच्या टेम्पोत काही पेट्या मावल्या नव्हत्या, तो म्हणाला चाललाच आहेस तर घेऊन जा दादरला. आता मला सांग, असल्या गाडीत हापूसच्या पेट्या कोण भरतं? आम्ही भरतो. आमच्याकडे मे महिन्यात कुठलीही गाडी रिकामी मुंबईला गेली तर पाप लागतं, नवरीच्या मांडीवरसुद्धा पेटी देतील. मागची सीट पाडली, पेट्या रचल्या, दोन पेट्या बाहेर डोकवायला लागल्या, म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून सुंभाने बांधली. तुझ्यासारखीच. हसू नको, मेल्या. वेदिकाला पहिल्यापासून गाडी लागायची, एसटीत तर लिंबू हुंगत बसायची. ती पेट्यांच्या बाजूला मागेच आडवी झाली, डोकं डिकीकडे करून, म्हणाली हलत नाही इथे तेवढं. मी तिच्या डोक्याखाली माझी चादर दिली.

चिपळूणला थांबले तेव्हा पोरीने फोन केलान. इथे, ह्या टेबलावरच्या फोनवर. ह्यांनी उचललानी. मी इथेच उभी होते, माझं बोलणं नाही झालं, मला ह्यांचं तेवढं ऐकू आलं — डोकं दुखतंय? धूर येतो? अगं घाट चढणाऱ्या ट्रकांचा असेल, काचा घट्ट लावा आणि एसी चालू करा, बरं वाटेल. असं सांगितलंनी. आणि ठेवलानी. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, कुणीही तेच सांगितलं असतं, ट्रक तेवढे होतेच रस्त्याला. आणि गाडी लागणाऱ्या पोरीचं डोकं दुखतं ह्यात नवीन ते काय.

त्यांनी काचा घट्ट लावल्या. ऐकणारी पोरं होती माझी.

कशेडी घाटात गाडी हळूच गटाराला टेकली. आपटली नाही रे, टेकली, म्हैस बसते तशी. मडगार्ड चेपलं तेवढंच. निलेश दार उघडून बाहेर पडला, उभा राहवेना, ओकला, झोकांड्या खाऊन परत पडला. आपल्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवली होतीन, चोरून सिगारेट ओढायला — मला कळू नये म्हणून इथून निघाल्यावर ओढायचा — तेवढ्यावर वाचला तो. लोक जमले, त्यांनी काय बघितलं? झोकांड्या खाणारा पोरगा आणि लाल गाडी. प्यायलाय, म्हणाले. झालं. कुणी वासही घेतला नाही त्याच्या तोंडाचा. आणि मागे ही झोपलेली. अंगावर ओरखडा नाही, गाल लाललाल, नुकती उन्हातून आल्यासारखे. डॉक्टरने सांगितलंन, ओकारी घशात अडकली. म्हणजे भाऊ पिऊन चालवत होता, बहीण मागे गुदमरत होती, आणि ह्याला पत्ता नाही — अशी गोष्ट तयार झाली, संध्याकाळपर्यंत पावसपासून हातखंब्यापर्यंत सगळ्यांना पाठ.

मी त्या पेट्या उघडल्या. लोक पोरीसाठी रडायला आले होते आणि मी अंगणात पेट्या फोडत बसले होते, म्हणून म्हणतात तुळसाचं डोकं फिरलं. पुढच्या पेट्यांतला पेंढा पिवळा. डिकीकडच्या दोन पेट्यांतला काळा. फळांवर काजळी, बोट ओढलं की रेघ उठायची. कापून दिला मी आंबा भावाला, म्हटलं खा, चव बघ. त्याने ताट बाजूला सारलंन. म्हणाला, तुळसे, निलेशला वाचवायला काहीही बोलू नको. आता ह्यात डोकं फिरल्यासारखं काय आहे? उघड्या डिकीतून आत ओढलेला धूर आंब्याला लागला, तो पोरीला लागला नसेल?

पोलीस आले गाडी बघायला. तोवर गाडी ओढून इथे आणलेली होती, समोर त्या फणसाखाली. मी त्यांना हाताला धरून मागे नेलं, वाका म्हटलं, बघा पाईप कुठे संपतो. वाकले. पाईप बंपरच्या बाहेर दोन बोटं आलेला.

— मलाही असंच वाटलं. तुझ्यासारखंच तोंड झालं माझं. आदल्या दिवशी आखूड होता तो पाईप. मी म्हटलं जोड बघा, ताजा आहे, वरून काळं ऑइल फासलंय. तो हवालदार हसला. म्हणाला, बाई, चौथी शिकलेल्या तुम्ही, सायलेन्सरचं काम करणारा माणूस सांगतोय की पाईप पहिल्यापासून असाच होता, त्याचं ऐकू की तुमचं? बरोबरच आहे त्याचं. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. — कोण सांगत होता म्हणजे? सांगत होता कोणीतरी. इथे काय एकच आहे का वेल्डिंगवाला. — आहे. एकच आहे. बरं मग?

निलेश बोटीवर नोकरीला गेला त्या पावसाळ्यात. येत नाही. फोन करतो तो परक्यासारखा, बऱ्या आहात ना, जेवलात ना. त्याला वाटतं त्याला झोप लागली म्हणून ती गेली. लोक म्हणतात तेच त्याला आता खरं वाटतं, म्हणाला एकदा, आई, कदाचित मी प्यायलोच असेन, मला आठवत नाही. असं म्हणाला. आणि बाप शेजारी बसून भात कालवत होता, त्याला एवढं म्हणता आलं नाही फोनवर, की नाही रे बाबा, तुझं काही नाही त्यात. भात कालवत राहिला.

त्यांची बाजू मी घेत आलेय. का म्हणून विचारू नको. दुकान बंद झालं असतं, तुरुंग झाला असता, सासू आहे घरात — असलं सगळं. आणि शिवाय माणूस रडला होता तेव्हा. तेराव्याला तिच्या फोटोसमोर बोलले होते, पाईप कापायला परत करवत धरणार नाही. मी धरलंय ते खरं. इथे तुझ्यासारख्यांची टोळकी येतात, मी हाकलते, हे आतून काही बोलत नाहीत, मला वाटतं पाळतायत. माणसाने तेवढं तरी —

सरक. सरक म्हणते ना, मला तुझी गाडी खालून बघू दे. वाकता येतं अजून. — हा तर कापलेलाच आहे. मेल्या, तुझा पाईप आधीच कापलेला आहे, सीटखालीच, हातभर. मग तू आज आलास कशाला — तोंड बदलायला. अजून आवाज हवा म्हणून. कुठे कापून घेतलास? कोल्हापूरला? मुंबईला? तोंड उघड ना. आत काय बघतोस?

इथे.

कधी? — गणपतीत. मी पावसला होते तेव्हा. कापून देत नाही असं म्हणालेही नसतील. — काय म्हणाले? परत सांग. "बाई घरात नसताना ये." असं म्हणाले.

हं.

पोरी, ए पोरी, उतर खाली. उतर गं बाळ, त्या झाडाखाली बस, मोठा श्वास घे, तुला गाडी नाही लागलेली. आणि तू, दोरी सोड ती, स्पीकर उतरव, डिकी लाव, चारी काचा खाली कर. नाही, गाडी इथेच राहील, चावी दे. दे म्हटलं ना. एसटी मिळते समोर, दोघं बसून जा. उद्या आपल्या बापाला घेऊन ये, मग मी लांब पाईप घालून देईन, दुसऱ्याकडून, स्वतः उभी राहून. आवाज नाही यायचा त्याला. मुकी होईल गाडी. चालेल ना? — चालेल तर. आता हसत नाहीस ते बरं आहे.

आणि कुणी विचारलंन मांडवीला, की हातखंब्याच्या तुळसाची पोरगी कुणामुळे गेली, तर भावामुळे म्हणून सांगू नको. पोलीस विचारोत, कुणी विचारो. मी पण आज फोन लावणार आहे, बोटीवर लागतो की नाही माहीत नाही, लागेपर्यंत लावणार आहे. ग्राइंडर थांबला वाटतं. थांबू दे. ऐकू जात असेल तर जाऊ दे. नवऱ्याचं नाव आम्ही बायका उखाण्यातच घेतो, लग्नात घेतलं होतं तेवढंच. आज उखाण्याशिवाय घेते, नीट ऐक आणि तसंच्या तसं सांग. पाईप कापला तो, काचा लावायला सांगितल्या तो, रात्रीत जोड मारून पोराच्या गळ्यात दारू बांधली तो. आत्माराम.