दोन्ही वायरी लावून दाखवा

उल्हासनगरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी चार्जर घ्यायला उभा होतो. माझ्यापुढे चाळिशीतल्या एक बाई दुकानदाराशी बोलत होत्या.

“ताई, ही वायर घ्या. गोल्ड प्लेटेड आहे. पिक्चर एकदम क्लिअर, आवाज तर पूछो मत.”

“आणि ती साधी?”

“ती पण चालेल. पण लावायची कुठे?”

“अंबरनाथला, आमच्या विहारातल्या मोठ्या टीव्हीला. माझ्या मिस्टरांचा पहिला स्मृतिदिन आहे. त्यांच्या गाण्याचा व्हिडिओ दाखवायचाय.”

“मग तर महागवालीच घ्या. अशा कामात कंजूषी कशाला?”

“कंजूषी नाही, शेठ. त्यांच्यासाठी काय वाट्टेल ते घेईन, पण फरक दिसला तरच. मुलीचा लॅपटॉप आणलाय. तुमच्या टीव्हीला आधी साधी लावा, मग ही.”

“ताई, मागे लाइन आहे.”

“थांबतील. थांबाल ना हो, भाऊ?”

“थांबतो,” मी म्हणालो.

भिंतीवरच्या टीव्हीवर पेटी घेऊन बसलेला एक माणूस डोळे मिटून गायला लागला. दुकानदाराने वायर बदलली. तो माणूस पहिल्यापासून पुन्हा गायला.

“बोला ताई. फरक वाटला?”

“नाही. तुम्हाला?”

“खरं सांगू? मला पण नाही. गायचे मात्र मस्त.”

“मग साधीच द्या.”

“देतो. हे बंद करू?”

“नको. अजून एकदा लावा.”

“कोणत्या वायरवर?”

“कोणत्याही.”