गोणीभर केस आणि गाभण सशीण

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्हाला केसांतलं काय कळतं. मला, मास्तर, मला... चाळीस वर्षं ह्या खुर्चीमागे उभा आहे, चौथी दोनदा केली ती काही हौस म्हणून नाही, पण नुसती मान बघून माणूस सांगतो मी, आणि म्हणे केसांतलं कळत नाही. मान हलवू नका, कानामागे मशीन आहे.

तुम्हाला सांगतो, सगळा दोष ह्या थंडीचा. सकाळी बादलीतल्या पाण्यावर दुधावर साय धरावी तसा बर्फ, आणि नेमकी त्यातच आमच्या बाईसाहेबांची सशीण गाभण. लेक सासरी गेल्यापासून बायकोचा सगळा जीव त्या सशिणीत. मला ‘जेवलात का’ दिवसातून एकदा, तिला चारदा. तर बाईसाहेब म्हणाल्या, बाहेरच्या खुराड्यात ती काकडेल, तिला दुकानात ठेवा, पाणी तापवायच्या शेगडीपाशी. ठेवली. हा मोठा आरसा ज्या खोक्यातून आला ना, ते आडवं टाकलं, वाळलं गवत भरलं, पुढे फळी ठोकली. मग बाईसाहेब दोन दिवस बहिणीकडे निघाल्या. दारातून बजावलं, “हे बघा, हात लावायचा नाही, डोकं चालवायचं नाही. तिचं ती करते.”

ती गेली, आणि दुपारी सशीण स्वतःचेच केस उपटायला लागली. छातीवरचे, पोटावरचे, तोंडाने ओढते आणि नेऊन गवतात खुपसते. पोट उघडं पडलं हो तिचं, गुलाबी गुलाबी, एवढ्या गारठ्यात... मला बघवेना. आणि दाराआड काय, तर गोणीभर केस. तुमचे, ह्या बाकावर बसलेल्या टेलरचे, अख्ख्या गल्लीचे. मी म्हटलं, बाई, तू कशाला सोलून घेतेस, हे घे. केस म्हणजे केसच ना? दिले ओतून खोक्यात. टेलर, हसू नका, तुमच्या चिंध्याही मागवणार होतो, थोडक्यात वाचलात.

तर तिने काय करावं? पुढच्या पायांनी सगळे बाहेर ढकलले. मी म्हटलं, नखरे. आत भरले. परत बाहेर. परत आत. आता आमच्या दोघांत शहाणं कोण, हे सांगायला काय मास्तर लागतो? मान हलवू नका म्हटलं ना.

सकाळी बघतो तर सहा पिल्लं. अंगठ्याएवढी, अंगावर लव नाही, डोळे मिटलेले. मी आपला फुगून बसलो, जसा काही मीच बाळंत झालो. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब परतल्या, आत घरात पाय धूत होत्या, म्हटलं आता दाखवू... खोक्यात डोकावलो, तर एकाचा मागचा पाय निळा. लांब केस, माणसाचा, तीन वेढे. मांसात रुतलेला.

हाक मारली. आतून आवाज, “चला, तुमचं काहीतरी.” बरोबरच आहे, मागे सशिणीला शिंग फुटलं अशी थाप मारून मीच बायकोला कणकेच्या हातांनी पळवत आणलं होतं. ह्या वेळी मी नुसता दारात जाऊन उभा राहिलो. हसलो नाही. तेव्हा ती आली.

तिने पिल्लू ओंजळीत धरलं. मी नवं पातं काढलं. ह्या हाताने लग्नाच्या घाईतल्या किती नवऱ्यांच्या गळ्यांवरून वस्तरा फिरवला, पण अंगठ्याएवढ्या जिवावर कधी नाही. “हळू,” ती म्हणाली. पिल्लू ओरडलंही नाही हो, नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं. पहिला वेढा कापला, दुसरा कापला, तिसरा दिसेचना. तो सुईने उचलला... सुटला.

मग दोघांनी बसून बारीक फणीने एकेक केस वेचला. बायको वेचलेला केस माझ्याच तळहातावर ठेवत होती. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वेचून झालं आणि बघतो तर सशिणीचे मऊ केसही त्यांत गुंतून निघालेले, उरलं नुसतं गवत, उबेला काही नाही. सशीण आली, हुंगलं तिने, आणि पुन्हा उपटायला लागली. पोटावर काही राहिलंच नव्हतं, मग कुशीतले उपटले. मी बघत उभा. तेव्हा बाईसाहेब एवढंच म्हणाल्या, “तुम्हाला केसांतलं काय कळतं.”

पाच पिल्लं लोकांनी नेली, त्यांतलं एक ह्या टेलरनेच. सहाव्याचा पाय वाचला, बोटं गेली. लंगडतं. त्यालाही मागणी आली होती, पण बाईसाहेब म्हणाल्या, “हे द्यायचं नाही. हे दुकानात राहील, ह्यांच्या डोळ्यांसमोर.” राहिलंय. आणि एवढं दुकान सोडून त्याला झोपायला जागा कुठली सापडावी? खाली पडलेल्या केसांत. दिवसातून दहा वेळा उचलून बाजूला ठेवतो, अकराव्यांदा तिथेच. आईवर गेलंय, माझं ऐकत नाही.

झालं, मास्तर. आता मान हलवा हवी तेवढी. उतरताना तेवढं खाली बघून पाय टाका.