अशोकरावांच्या कॉम्प्युटरचं हमिंग

सुमनवहिनी, बसायला नीट जागा मिळाली का? गुडघा कसा हाये? खुर्ची टोचत असंल तर सांगा, वरून उशी आणवतो. मनीषा, पोरी, सकाळपासून पोटात काही गेलं का? मान हलवू नको, तुझा चेहरा सांगतोय. गुरुजी, खोकला थांबला का? शीलाताई, बीपीची गोळी घेतली ना? किसन, तू तिकडं गेटापाशी का उभा? पुढं ये, इथं बस. वॉचमन असलास तरी आज तू घरचाच.

आणि चेअरमनसाहेब, तुमचीही तब्येत विचारतो. झोप लागती का?

मंडळी, शोकसभेत बोलायची मला सवय नाय. मी टेप-रेडिओ उघडून उघडून शिकलेला माणूस, गारखेड्यात दुकान टाकून बसलेला. तिसऱ्या मजल्यावरचा नामदेवकाका म्हणून तुम्ही मला ओळखता. गेलेला माणूस माझा जिवाचा दोस्त. तुमच्यासाठी अशोकराव, माझ्यासाठी नुसता अशोक. त्याच्याबद्दल बोलताना मी रडंन असं तुम्हाला वाटलं असंल. पण मी आज रडायला उभा नाय. भांडायला उभा हाये.

गेटावरच्या फळ्यावर आपण काय लिहिलंय? 'अशोकराव यांचे अल्पशा आजाराने निधन.'

कोणता आजार? आदल्या दिवशी माझ्यासंगं दोन कप चहा प्यालेला माणूस. जिना चढताना मला म्हणायचा, "नामदेवा, कठडा सोड, म्हातारा दिसतोस." त्याला कोणता आजार होता? दवाखान्याच्या कागदावर शॉक लिहिलंय. आपल्याच फळ्यावर आजार कुठून आला?

आता सगळं सांगतो. सुरुवात त्याच्या कॉम्प्युटरपासून करावी लागंल. तो बघा, फोटोशेजारी टेबलावर ठेवलाय. लोखंडी डबा, हिरव्या अक्षरांचा पडदा. सुमनवहिनींच्या मांडीवर मनीषा तान्ही होती तेव्हा अशोकनं लेकीसाठी त्याच्यात एका अंगाईची चाल बसवली होती. नुसती टूं-टूं, पण चाल ओळखू यायची. मनीषाला लेक झाली तेव्हा त्याच्या मनानं घेतलं, नातीला ही ऐकवायची. माळ्यावरून मशीन खाली काढलं. ते मेलेलं.

पहिल्यांदा पॉवर. फ्यूज बदलला, उडाला. कंडेन्सर फुगलेले होते, ते बदलले. मशीन उठलं. अशोक लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होता. मग आवाज. माझ्या दुकानातला जुना अ‍ॅम्प्लिफायर त्याला जोडला, अंगाई लावली. अंगाई राहिली बाजूला, नुसतं घूंऽऽ. आम्ही त्याला हमिंग म्हणतो. स्पीकर बदलला, घूं. वायर बदलली, घूं. आमची भांडणंही झाली. तो म्हणायचा, तुझा अ‍ॅम्प्लिफायर भंगार. मी म्हणायचो, तुझा डबा भंगार. आणि डब्याला मागून हात लावला की बोटांना झिणझिण्या.

शेवटी दोन्ही वस्तू रिक्षात घालून दुकानात नेल्या. तिथं लावलं. मंडळी, स्वच्छ आवाज. काचेसारखी अंगाई. घरी आणलं, परत घूं.

अशोक खुर्चीत टेकला. म्हणाला, "नामदेवा, मशीन बरंय. आजारी भिंत हाये."

त्यानं टेस्टर घेतला, घरातलं एकेक सॉकेट तपासलं. प्लगची तिसरी मोठी पिन असती ना, अर्थिंगची, तिच्या वायरीतून करंट उलटा घरात येत होता. कुठल्या तरी मोटरचा, कुणाच्या तरी गिझरचा गळका करंट. तो जमिनीत जायला पाहिजे. का जात नव्हता? कारण त्याची जमिनीत जायची वाटच आपण बुजवली होती.

आठवतोय का तो खड्डा? इथंच, पार्किंगच्या कोपऱ्यात, अर्थिंगचा. उन्हाळा लागला की अशोक बादलीत खडेमीठ कालवून त्याच्यात ओतायचा. पोरं हसायची, "अशोकआजोबा महादेवाला पाणी घालायला निघाले." तो म्हणायचा, "हा महादेव पावत नाय. फक्त मारत नाय, तेवढं पुरे." मग आपण पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवले. छान दिसतात. महादेव त्यांच्याखाली गाडला, वायर खोदकामात तुटली, आणि कुणी विचारलं नाय.

अशोकनं विचारलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहिला. म्हणाला, "माझ्या कॉम्प्युटरला हमिंग येतंय, म्हणजे बिल्डिंगचं अर्थिंग गेलंय. ब्लॉक उचला."

चेअरमनसाहेब, तुम्ही काय म्हणालात? "काका, तिसरी पिन तोडून टाका. आमच्या टीव्हीची आम्ही तोडलीय, आवाज बंद." बरोबर हाये, तोडली की हमिंग थांबतं. अशोकनं करूनही बघितलं होतं. अंगाई सुंदर वाजली, आणि त्यानं वायर परत जोडून टाकली. तुम्हाला म्हणाला, "साहेब, आवाज बंद होतो. करंट बंद होत नाय."

तुम्ही म्हणालात, "तुमच्या खेळण्यासाठी एवढी चांगली फरशी उखडायची व्हय?" मागून कुणी तरी म्हणालं, "लेण्यांत नेऊन ठेवा म्हणावं तो डबा." हशा पिकला. मी उठलो, तर म्हणे, नामदेवकाका, तुम्ही दोघंही रिकामे. पुढचा विषय, गणपतीचा मांडव.

मग ती सकाळ. नळाला पाणी आलं. आपल्याकडं पाणी येतं म्हणजे सण, सगळी बिल्डिंग भांडी घेऊन पळत होती. हौद भरून वाहिला, खाली सगळं ओलं. मोटर चालूच. ती बंद करायचं कुणाच्या ध्यानात येणार? अशोकच्या. अनवाणी उतरला. आधी पाणी बंद करावं म्हणून मोटरशेजारच्या लोखंडी व्हॉल्व्हला हात लावला. तो हात सुटला नाय. किसननं धावत जाऊन मेन स्विच पाडला, काठीनं त्याला बाजूला केलं. उशीर झाला होता.

ज्या करंटाबद्दल तो सांगत होता, त्यानंच त्याला नेलं. आणि आपण फळ्यावर आजार लिहितो.

काल मी कमिटीला विचारलं तर उत्तर मिळालं, "काका, मोटर नवी बसवली की. आता वाद कशाला? सोसायटीचं नाव खराब होईल." मोटर बदलली. खड्डा? तो तसाच गाडलेला हाये. शीलाताई, तुमचा गिझर जुना. गुरुजी, तुमच्या फ्रिजची तिसरी पिन तोडलेली. कुणाची पाळी म्हणून वाट बघायची?

तुम्हाला वाटंल, म्हातारा भडकला. भडकलोच हाये. मला अशोकचाही राग येतो. पायात चप्पल तरी घालायची होतीस, येड्या. दहा वेळा दुसऱ्याला सांगायचास.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. उभं राहण्याआधी मी हे मशीन चालू करतो. हात कुणी लावू नका. अंगाई लावणार नाय, ती सुमनवहिनींच्या घरात, मनीषाच्या लेकीसाठी. फक्त अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवतो. मौनात जे घूं ऐकू येईल, ते अशोकचं म्हणणं. तेव्हा हसण्यात ऐकू आलं नाय. आज ऐका.

माझ्या पायाशी बादली हाये, मीठ कालवून आणलीय. ओतायला जागा नाय. जागा चेअरमनसाहेबांच्या खुर्चीखाली हाये, तिसऱ्या ओळीतल्या ब्लॉकच्या खाली. मौन सुटलं की खुर्ची जरा सरकवा, साहेब. पहार मी आणलीय.

आणि फळ्यावरचा तो 'अल्पसा आजार' पुसून खरं काय ते लिहा. ब्लॉक कधी उचलणार तेही त्याच फळ्यावर लिहा, तोंडी नको. लवकर लिहा, मंडळी. उन्हाळा आलाय. घरोघरी माळ्यावरून पाण्याचे लोखंडी कूलर खाली निघायला लागलेत.