पिठाच्या डब्यातला जिन

(लातुरातली भाड्याची खोली, दुपारची वेळ. बारावीतल्या नातीला, उर्वीला, रांधून घालायला आलेली केवळाबाई गाठोडं बांधतेय.)

उर्वी : आज्जी, सांग ना, फोन कुठं ठेवलास? चारला क्लासची टेस्ट आहे. फोनवरच द्यावी लागते.

केवळाबाई : दिऊ नको. सकाळच्या यष्टीनं गावाकडं जायचं. बास झाली डाक्टरकी.

उर्वी : काहीतरीच काय! दीड महिन्यावर परीक्षा आलीय.

केवळाबाई : तुला जिन लागलाय, बाई.

उर्वी : काय लागलंय?

केवळाबाई : मी न्हाई, तुझे मन्मथ सर म्हनले. पालकसभेत, माईकवरून. मोबाईल उशाला घिऊ नका, जिनवर परिनाम हुतो, मेंदूवर हुतो. वरच्या शिवकन्याबाईनं बी ऐकलंय.

उर्वी : अगं माझी आज्जी! ते जीन! दर्ग्यातला जिन नव्हे.

केवळाबाई : दात काढू नको. पिठाच्या डब्यात कोंडलाय त्याला. वरून पीरसायबाचा ताईत बांधलाय. लोखंडातून न्हाई निघत ते.

उर्वी : पिठात? माझा फोन? अगं, जीन म्हणजे आईबापाकडून लेकराच्या अंगात येणारी चिठ्ठी. तुझ्या हनुवटीची खळी बाबांना आली, मला आली, ती त्या चिठ्ठीमुळं.

केवळाबाई : अन् मोबाईल ती चिठ्ठी खोडतो?

उर्वी : मोबाईलच्या लहरींत तेवढं बळ नाही, असं आमच्या पुस्तकात आहे. मेंदूवर पुढं काय होतं ते अजून तपासतायत. सरांनी भीती घालायला सगळं एकाच पोत्यात भरलं.

केवळाबाई : काय हुत न्हाई, असं भूकंपाच्या आधी बी सांगून गेलते सायेब लोक. जमीन गुरगुरायची. आमी आंगनात निजायचो. सायेब म्हनले, भिऊ नका, घरात जावा.

उर्वी : ते वेगळं, आज्जी.

केवळाबाई : येगळं कसं? दिवाळीपसून तू झोपंत बोललालीस.

उर्वी : मी? काय बोलते?

केवळाबाई : "आये, कडी काढ."

उर्वी : ते तू ऐकलंस?

केवळाबाई : हे तुला कुनी सांगितलं? तुझ्या बापाला बी ठाऊक न्हाई. दहा वर्साचा हुता, माझ्यासंगं आंगनात निजला. धरनी हलली तसा भेदरून पळाला. त्याची धाकली भैन पुनम तेवढी ऐकंना, आत निजली. सात वर्साची. कुत्रं शिरू नये म्हून मी भाइरून कडी घातली. भिंत पडल्यावर तिनं आतून दोनदा हाक मारली. कडी दगडात दबली हुती. मी एकलीनंच ऐकली. एकतीस वर्सं तोंडातून काढलं न्हाई कुनाम्होरं. मग तुझ्या डोस्क्यात कुनी घातलं? त्या फोननंच न्हवं?

उर्वी : आज्जी, बस जरा. मी नाही बोलत. तू बोलतेस.

केवळाबाई : खोटं. आवाज लेकराचा हुता. मी जागी हून ऐकलाय.

उर्वी : तुझ्याच आवाजानं अर्धवट जाग येते तुला. लहान पोरीसारखा होतो तो. फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवलाय मी, डॉक्टरांना ऐकवायला. म्हणून उशाला घेते. काढू का डबा?

केवळाबाई : नको. नको गं.

उर्वी : बरं, नाही काढत.

केवळाबाई : मग मी गप कशी हुते?

उर्वी : मी उत्तर देते. "काढली कडी, ये बाहेर." मग तू कूस बदलतेस, झोपतेस. कुणाची हाक ती, मला ठाऊक नव्हतं.

केवळाबाई : रोज देतीस?

उर्वी : रोज.

केवळाबाई : घे तो डबा. पीठ नीट पूस, चार वाजत आले. अन् उर्वे...

उर्वी : काय?

केवळाबाई : उत्तर देताना पुनम म्हन. नाव घेतल्याबिगर ती कुनाकडं यायची न्हाई.